तेलेक्स : हंगेरीचे वृत्तसंकेतस्थळ, इंदूरच्या वाचकाच्या नजरेतून

बुडापेस्टहून चालणाऱ्या 'तेलेक्स' या वृत्तसंकेतस्थळाचा इंग्रजी विभाग मराठी वाचकाने नियमित वाचावा काय, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. रामबागेतील आमच्या वाचनमंडळाने युरोपातील वृत्तपत्रस्वातंत्र्य हा विषय घेतला, तेव्हा हंगेरीचा भाग माझ्याकडे आला आणि त्या निमित्ताने हे वाचन सुरू झाले. मंडळातील ज्येष्ठ सभासदांना सेन्सॉरशिप म्हटले की १९७५ ची आणीबाणी आठवते आणि त्या वेळी आपल्या इंदूरच्या 'नई दुनिया'ने कोरी सोडलेली अग्रलेखाची जागा आठवते. कोरी जागा दिसते, आणि ती का कोरी आहे हे वाचकाला कोणी सांगावे लागत नाही. हंगेरीत २०१० मध्ये व्हिक्टोर ओर्बान पंतप्रधान झाल्यानंतर माध्यमांचे जे घडले त्यात अशी कोरी जागा कुठेच सापडत नाही. तेलेक्सचे मोल मला वाटते ते यामुळे, कारण माध्यमांवर ताबा मिळवणारी ही न दिसणारी यंत्रणा त्याच्या बातम्यांतून दिसू लागते.

या संकेतस्थळाचा जन्मच त्या यंत्रणेतून झाला आहे. 'इंडेक्स' हे हंगेरीतील सर्वाधिक वाचले जाणारे वृत्तसंकेतस्थळ होते. मार्च २०२० मध्ये सरकारशी जवळीक असलेले उद्योजक मिक्लोश वासिली यांनी इंडेक्सच्या जाहिराती मिळवून देणाऱ्या कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. संपादकीय विभागाने आपल्या स्वातंत्र्याची स्थिती वाचकांना सांगणारा एक मापक संकेतस्थळावर उघडपणे लावलेला होता. जूनमध्ये त्याचा काटा 'धोक्यात' या खुणेवर नेण्यात आला. जुलैमध्ये मुख्य संपादक साबोल्च दुल यांना काढून टाकल्यावर सत्तरहून अधिक पत्रकारांनी राजीनामे दिले, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी वाचकांच्या वर्गणीवर ऑक्टोबर २०२० मध्ये तेलेक्स सुरू केले. या साऱ्या प्रकरणात एकाही बातमीवर सरकारी शिक्का बसला नव्हता. घडली होती ती कागदोपत्री केवळ खासगी कंपन्यांमधील उलाढाल.

त्याआधीची उदाहरणे ठाऊक असतील तर तेलेक्सच्या बातम्या अधिक समजतात. 'नेपसाबादशाग' हे १९५६ पासून निघणारे दैनिक ८ ऑक्टोबर २०१६ रोजी अचानक बंद करण्यात आले. मालक कंपनीने तोट्याचे कारण दिले, पण त्याच महिन्यात ती कंपनी तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांच्या गावचे महापौर आणि त्यांचे निकटवर्ती असलेल्या ल्योरिंत्स मेसारोश यांच्याशी संबंधित उद्योगसमूहाकडे गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळे एका प्रतिष्ठानाला मोबदला न घेता देऊन टाकली. सरकारने हा व्यवहार राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवला, त्यामुळे मक्तेदारी रोखणाऱ्या यंत्रणेला त्यात लक्ष घालता आले नाही. इतकी माध्यमे फुकट देण्याइतके उदार मालक जगात दुसरीकडे क्वचितच सापडतील. क्लुबरादिओ या नभोवाणी केंद्राची प्रसारणलहर फेब्रुवारी २०२१ मध्ये परवान्याच्या नूतनीकरणाअभावी गेली आणि ते फक्त इंटरनेटवर उरले. कारण सांगितले गेले ते कार्यक्रमांसंबंधीचे अहवाल उशिरा दिल्याचे. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या क्रमवारीत हंगेरी २०१० मध्ये २३व्या स्थानी होता, तो २०२५ मध्ये ६८व्या स्थानी दिसतो. परंतु ही घसरण मालकीतून, जाहिरातींतून की परवान्यांतून आली, हे निव्वळ क्रमांकावरून कळत नाही.

तेलेक्सचा इंग्रजी विभाग नेमका इथे कामास येतो. सरकारी जाहिराती कुणाला मिळतात, कुठल्या कंपनीचे समभाग कुणाकडे गेले, कुठला कायदा कुठल्या आठवड्यात मांडला गेला, असे तपशील त्यात सलगपणे येतात आणि भाषा शांत असते. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने परकीय हस्तक्षेपाची चौकशी करणारे 'सार्वभौमत्व संरक्षण कार्यालय' स्थापन झाले आणि २०२४ मध्ये त्याने 'आत्लात्सो' या शोधपत्रकारितेच्या संस्थेची चौकशी सुरू केली. अशा प्रकरणात संतापाचे लेख लिहिणे सोपे असते. वाचकाला खरी गरज असते ती त्या कार्यालयाला कोणते अधिकार दिले गेले आणि कोणते नाहीत हे कळण्याची.

उणिवा आहेत. मूळ हंगेरियन मजकुराच्या मानाने इंग्रजीत येणारा भाग थोडा आहे, आणि निवड अर्थातच राजकारणाकडे झुकलेली आहे. मंत्र्यांची आणि उद्योगपतींची नावे पूर्वपरिचयाची मानली जातात, त्यामुळे नव्या वाचकाला पहिले काही आठवडे टिपणवही जवळ ठेवावी लागेल. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. तेलेक्स ज्या संघर्षाचे वार्तांकन करते त्यात ते स्वतः एक पक्ष आहे, म्हणून माध्यमांविषयीच्या त्याच्या बातम्या एकट्या वाचू नयेत. त्यासोबत 'दिरेक्त ३६' या शोधपत्रकारांच्या संस्थेचा इंग्रजी मजकूर वाचावा. २०२१ मध्ये पेगासस या पाळतीच्या सॉफ्टवेअरचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा पाळत ठेवल्या गेलेल्या पत्रकारांत या संस्थेचे साबोल्च पान्यी यांचेही नाव होते. ओर्बान सरकारची बाजूही त्यांच्या प्रवक्त्यांच्या इंग्रजी निवेदनांतून थेट वाचावी, कारण 'आमच्याकडे विरोधी माध्यमे मुक्तपणे चालतात' हा त्यांचा युक्तिवाद पूर्णपणे खोटा नव्हता. तेलेक्स चालते हाच त्याचा पुरावा म्हणून ते पुढे करत, आणि त्याला उत्तर द्यायचे तर लहान गावांतील वाचकाच्या हाती कोणते दैनिक पडते, हे विचारावे लागते.

वाचनासाठी पैसे पडत नाहीत. खर्च बराचसा वाचकांच्या देणग्यांवर चालतो. युरोपीय राजकारणात रस असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आणि पत्रकारिता शिकणाऱ्यांना मी हे संकेतस्थळ निःसंकोच सुचवेन. केवळ ठळक बातम्यांवर भागवणाऱ्यांचा मात्र त्यात वेळ वाया जाईल. सुरुवात करायची असेल तर ताज्या बातम्यांआधी २०२० मधील इंडेक्सच्या राजीनाम्यांविषयीचा मजकूर शोधून वाचावा, म्हणजे पुढची नावे आपोआप जागेवर बसू लागतात.