डीसी रिटर्न पंप, दोन पावसाळे वापरल्यावर: बॉक्सवरचे लिटर बघू नका, लाईट आल्यावर काय करतो ते बघा

माझा खाऱ्या पाण्याचा, मासे आणि कोरलचा टँक 5 बाय 2 बाय 2 फूट, म्हणजे काठोकाठ धरला तर 565 लिटरच्या आसपास, खाली संप (टँकचं पाणी उतरतं ती टाकी) वेगळा, आणि तिथून पाणी परत वर ढकलतो तो रिटर्न पंप. एलपीएस (मोठ्या तोंडाचे) कोरल जास्त, वर थोडे एसपीएस (बारीक तोंडाचे). पंपाचे स्पेक्स सगळीकडे मिळतात, ते परत लिहीत बसत नाही, मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. बेळगावात पाऊस लागला की लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा काही नेम नसतो, आणि लाईट परत आल्यावर पंप आपला आपण सुरू होतो की नाही हे एकाही बॉक्सवर लिहिलेलं नसतं.

माझा पंप 24 व्होल्टचा चायनीज डीसी, बॉक्सवर 8000 लिटर ताशी. 8000 कुठे मिळतात, पाच फूट उंची, तीन एल्बो, त्यात मी तो अर्ध्या स्पीडला चालवतो. बादली लावून मोजलं तर 20 लिटरची बादली 24 सेकंदात भरते, म्हणजे ताशी 3000 लिटर, आणि संपमधून टँकच्या पाचपट पाणी तासाला फिरलं की मला बास आहे. कोरलला लागणारा खरा फ्लो वेव्हमेकर (टँकच्या आतच पाणी ढवळणारे पंखे) देतात, एलपीएसला 10-20 पट, एसपीएसला 30 पट आणि त्याच्याही वर. लोक रिटर्न पंपच दांडगा घेतात आणि मग संपमध्ये बुडबुडे आणि ओव्हरफ्लोचा आवाज, असं करू नका.

डीसी का घेतला, तर बिलासाठी. आधीचा एसी पंप प्लग मीटरवर 85 वॅट दाखवायचा, हा 38. चोवीस तास चालणाऱ्या वस्तूत 47 वॅट म्हणजे महिन्याला जवळजवळ 34 युनिट. गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटकातल्या फुकट विजेच्या योजनेचं, आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल भरायचं, नुसतं वरचं नाही. घर आणि टँक मिळून मी 180-190 ला असतो, त्यामुळे हे 34 युनिट माझ्यासाठी फार मोठे आहेत. कोल्हापूरवाल्यांना हा हिशोब लागू नाही, पण वॅट कमी म्हणजे पाण्यात उष्णताही कमी, ते सगळ्यांनाच लागू. एप्रिल-मे मध्ये चिलर न लावता दोन पंख्यांवर माझं निभावलं ते यामुळेच.

पहिलं वर्षभर एकदम छान. आवाज नाही, रात्री हॉलमध्ये झोपलं तरी कळायचं नाही. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

या पावसाळ्यात गाडी बिघडली. दुपारी मी दुकानात असताना घरून फोन, "अहो, करंट येऊन अर्धा तास झाला, टाकीत पाणी पडायचा आवाजच नाही." आलो तर कंट्रोलरवर लाल लाईट. प्लग काढून परत लावला, पंप कट-कट-कट असा जागच्या जागी हिसके द्यायला लागला आणि परत लाल. तीन वेळा प्रयत्न करतो आणि मग कायमचा गप्प बसतो, हाताने प्लग काढेपर्यंत. हीच ती गोष्ट जी मला अजिबात पटत नाही. दर पाच मिनिटांनी परत प्रयत्न करत राहा असं प्रोग्रॅम करायला काय लागतं? घरी कुणी नसेल आणि वेव्हमेकरही त्याच लाईनवर असतील तर पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही, ऑक्सिजन उतरत जातो, मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात.

उघडून बघितलं. पुढचं झाकण फिरवून काढलं की इम्पेलर (पाणी ढकलणारा आतला पंखा) हातात येतो, त्याच्या चुंबकावर पांढरा खरबरीत थर आणि सिरॅमिक शाफ्टच्या टोकाला गुलाबी कोरलाईन (दगडासारखं कडक शेवाळ), नखाने निघत नाही इतकं घट्ट. हा थर कॅल्शियम कार्बोनेटचा. मोटर गरम असते म्हणून तिथेच आधी बसतो, आणि अल्कलिनिटी चढी ठेवली किंवा काल्कवासर (चुन्याचं पाणी) टाकत असाल तर अजून लवकर. फिरता पंप या थरासकट फिरत राहतो, बंद पडला की मात्र उठत नाही, म्हणून दोष लाईट गेल्यावरच दिसतो. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी ब्रशने एकदम स्वच्छ.

पण पुढच्या वेळी लाईट गेली आणि परत तेच. मग विकणाऱ्याशी भांडण सुरू. त्याचं म्हणणं कंट्रोलरमध्ये मीठ गेलंय, वॉरंटी बसत नाही, तरी बघायचं असेल तर स्वतःच्या खर्चाने कुरिअर करा. केला. परत आला तर "टेस्ट केला, चालतो" एवढी चिठ्ठी आणि पंप जसाच्या तसा. पाण्याबाहेर, पाइप न लावता चालवून बघितला असणार, त्याला काय टेस्ट म्हणायचं?

शेवटी शहापुरातल्या आमच्या रिपेरीवाल्याकडे नेला. त्याने मीटर लावला, पंप बादलीत सोडून चालू केला आणि म्हणाला, "मामा, कंट्रोलर बरा हाय की. अडाप्टरचं व्होल्टेज बसायलंय बघा, सुरू होताना." म्हणजे नुसता बघितला तर 24 दाखवतो, चालू पंपालाही पुरतो, पण सुरू होताना जास्त करंट लागतो तेव्हा मान टाकतो आणि कंट्रोलर समजतो इम्पेलर अडकलाय. तेवढ्याच व्होल्टचा आणि थोड्या जास्त अँपिअरचा लोकल अडाप्टर लावला, पोलॅरिटी तेवढी बघून. तेव्हापासून लाईट किती वेळा गेली आणि आली, पंप एकदाही अडला नाही. त्यामुळे मत बदलावं लागतंय, पंप चांगला आहे, सोबत दिलेला अडाप्टर भंगार आहे आणि ती लाल लाईटवाली सवय अजूनही चुकीचीच आहे.

घरातले नातेवाईक म्हणतात, उद्यमबागेत एवढ्या फाउंड्र्या, हायड्रॉलिकवाले, तिथला साधा पंप बसव की. तसं चालत नाही. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं आणि पितळ-तांब्याचा अंश जरी पाण्यात उतरला तरी कोरल, कोळंबी, शंख सगळे जातात. प्लास्टिक आणि सिरॅमिकच पाहिजे.

वेव्हमेकरबद्दल थोडक्यात. माझे दोन जेबाओचे आहेत, काही तक्रार नाही. व्होर्टेक एमपी40 मित्राकडे बघितला, मोटर काचेच्या बाहेर, आत फक्त पंखा, मधे चुंबक, उष्णता बाहेरच राहते आणि ताशी 17000 लिटरपर्यंत जातो. आधी मला हा निव्वळ पैशाचा चुराडा वाटायचा. आता वाटतं, बॅटरी बॅकअप थेट जोडता येतो ही सोय आपल्या भागात किंमत मोजण्यासारखी आहे. सध्या मी दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून एक वेव्हमेकर त्यावर ठेवलाय. एसी पंप वाल्यांनी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लावू नये, गुरगुरतो आणि तापतो.

अजून एक, रिटर्नचं तोंड पाण्यात किती खोल आहे ते मोजा. माझ्या मापात एक इंच म्हणजे साधारण 23-24 लिटर, दोन इंच खोल असेल तर लाईट गेल्यावर 47 लिटर उलटं संपमध्ये येणार. तेवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवा, चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका, त्यातही शंख अडकतो.

आता नवीन घ्यायचा झाला तर खानापूर बाजूच्या, जिथे लाईट जास्त वेळ जाते, तिथल्यांना मी एका मोठ्याऐवजी दोन छोटे रिटर्न पंप सांगेन, दोन्ही वेगवेगळ्या अडाप्टरवर, एक अडला तरी दुसरा पाणी फिरवतो. मीही पुढच्या महिन्यात तेच करणार आहे. पंपाला साडेतीन, विकणाऱ्याला शून्य, आणि कुरिअरचे पैसे मी अजून मागतोय, सोडणार नाही.