सबव्हर्जनवरून गिटवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सबव्हर्जन आणि गिट ही दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी साधनं. जुना प्रकल्प गिटवर नेताना सगळा कस लागतो तो हा इतिहास नेण्यात. आजच्या फायली उचलून नव्या रिपॉझिटरीत (फायली आणि त्यांच्या बदलांच्या साठ्यात) टाकणं पाच मिनिटांचं काम आहे, पण मग एखादी ओळ कोणी आणि का बदलली हे पाहायला ब्लेम ही आज्ञा चालवली की सगळीकडे एकच कमिट (बदलाची नोंद) दिसते. देखभालीत हा प्रश्न रोज पडतो. वेळ गेला तरी चालेल, इतिहास सोबत न्याच.

सुरुवात ऑथर्स फाइलपासून, म्हणजे बदल करणाऱ्यांच्या यादीपासून. सबव्हर्जन फक्त लॉगिन नाव ठेवतं, गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतात. यादीत एक नाव सुटलं तरी सबव्हर्जनचा (एसव्हीएनचा) इतिहास गिटमध्ये आणणाऱ्या गिट एसव्हीएनचं क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत घेणं, मध्येच थांबतं. नाव भरून फेच (उरलेलं आणण्याची आज्ञा) दिला की तिथूनच पुढे सुरू होतं. रिव्हिजन (सबव्हर्जनमधल्या क्रमांकित नोंदी) हजारोंनी असतील तर सर्व्हरवरून एकेक ओढत बसू नका. एसव्हीएनअ‍ॅडमिनने डम्प (सगळ्या रिपॉझिटरीची एकत्र प्रत) घ्या, आपल्याच मशिनवर लोड करा आणि तिथून क्लोन करा. नो-मेटाडेटा हा पर्याय बऱ्याच ठिकाणी सुचवलेला दिसतो, तो टाळावा. तो दिला नाही तर प्रत्येक कमिटच्या संदेशाखाली जुना रिव्हिजन क्रमांक राहतो, आणि बग ट्रॅकरमधल्या ‘आर ४५१२ मध्ये दुरुस्त’ अशा नोंदींचा माग पुढेही लागतो.

सबव्हर्जनमध्ये टॅग, म्हणजे एखाद्या आवृत्तीवरची नावाची खूण, ही नुसती कॉपी केलेली डिरेक्टरी असते. त्यामुळे गिट एसव्हीएन टॅगसुद्धा रिमोट ब्रँच (कामाची वेगळी शाखा) म्हणून आणतं. त्यांचे खरे टॅग आपल्यालाच करावे लागतात. ते अ‍ॅनोटेटेड (संदेश आणि कर्ता नोंदवलेले) करा, कारण जवळच्या टॅगवरून आवृत्तीचं नाव देणारं गिट डिस्क्राइब एरवी साध्या टॅगकडे बघतही नाही. इतिहास फारच वाकडातिकडा असेल तर रिपोसर्जन हे इतिहास नीट करून नेणारं साधन पाहावं; जीसीसी हे कंपायलर जानेवारी २०२० मध्ये गिटवर आलं ते त्याच्याच मदतीने.

पडताळणी सोडू नका. प्रत्येक रिलीजचा एसव्हीएन एक्स्पोर्ट आणि गिटमधला तोच टॅग डिफने (फरक दाखवणाऱ्या आज्ञेने) ताडून पाहा. एक्स्पोर्टला इग्नोर-कीवर्ड्स द्या, नाहीतर विस्तारलेले कीवर्ड (फाइलमध्ये आपोआप भरलेली तारीख, रिव्हिजन क्रमांक वगैरे) खोटे फरक दाखवतात. रिकाम्या डिरेक्टरी गिट ठेवत नाही, तेवढा फरक धरून चाला. बिल्डला त्या लागत असतील तर आत एखादी फाइल ठेवा.

ओळींच्या शेवटांनी (विंडोज आणि लिनक्स ओळ वेगवेगळ्या चिन्हांनी संपवतात) सगळ्यात जास्त डोकेदुखी होते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या सेटिंगच्या फाइलमध्ये टेक्स्ट ऑटो लिहून रीनॉर्मलाइझ (सगळे शेवट एकसारखे) एकदाच, स्वतंत्र कमिटमध्ये करा. नाहीतर कोणीतरी दोन ओळी बदलतो आणि डिफमध्ये पूर्ण फाइल बदललेली दिसते. ती कमिट इग्नोर-रेव्ह्ज फाइलमध्ये नोंदवून ती फाइल ब्लेमला दिली की ब्लेम त्या कमिटला वगळतं. ही सोय गिटच्या २.२३ आवृत्तीपासून आहे.

जुने इन्स्टॉलर इतिहासात पडून असतील तर सगळ्यांना क्लोन देण्याआधीच फिल्टर-रेपो या इतिहास गाळणाऱ्या साधनाने काढा. त्याने हॅश (कमिटची ओळखचिन्हं) बदलतात, नंतर केलं तर प्रत्येकाचं क्लोन निकामी होतं. सबव्हर्जन फक्त ताजी प्रत उतरवतं, गिट डीफॉल्टने सगळा इतिहास. हा फरक पहिल्याच क्लोनला जाणवतो. मूळ सबव्हर्जन रिपॉझिटरी वाचण्यापुरती चालू ठेवावी.

रोजच्या कामात लॉग, डिफ, ब्रँच सगळं सर्व्हरशिवाय आणि लगेच होतं. ब्रँच काढताना आता कोणी दोनदा विचार करत नाही, आणि बायसेक्टने (इतिहास अर्धा-अर्धा तपासत) बिघाड शोधणं तर अक्षरशः सवयीचं झालं आहे. उणीव भासते ती चढत्या रिव्हिजन क्रमांकाची. आवृत्तीच्या नावासाठी डिस्क्राइब चांगलं चालतं, पण बिल्ड सर्व्हर एका कमिटचं उथळ क्लोन घेत असेल तर त्याला मागचे टॅग दिसत नाहीत आणि बिल्ड पडतो. तिथे पूर्ण फेच लावा.

मर्ज (दोघांचे बदल एकत्र) न होणाऱ्या डिझाइन फायलींसाठी मात्र सबव्हर्जनचं लॉक (एका वेळी एकानेच बदल करणं) अजूनही सोपं आहे. एलएफएस या मोठ्या फायलींसाठीच्या गिटच्या जोडणीत लॉक मिळतं, पण ते सर्व्हरने पुरवावं लागतं आणि प्रत्येकाने एलएफएस बसवलेलं असावं लागतं. अशा फायलींचा ढीग मोठा असेल तर तो भाग सबव्हर्जनमध्येच राहू द्या.