‘गरीब’ घोडी : आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत घोडी घरी आणली तेव्हा आई म्हणाली, “कोणाची वरात काढता काय बाप्पा?” कळमेश्वरकडे आमची संत्र्याची बाग आहे. कुंपणाची फेरी मारायला आणि रविवारी लेकीला बसवायला, एवढ्यासाठीच घोडी हवी होती. विकणाऱ्याने फोनवर एकच शब्द तीनदा वापरला, गरीब. “एकदम गरीब जनावर आहे भाऊ, लेकरू बसवा.”

तो खोटं बोलला नाही. पूर्ण खरंही बोलला नाही.

घोडी मारवाडी वळणाची, कानांची टोकं आत वळलेली, दातांवरून नऊ-दहा वर्षांची. डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे, तो अशुभ मानतात, म्हणून दोन गिऱ्हाइकं परत गेली होती, त्यामुळे आम्हाला स्वस्तात पडली. भोवऱ्याने अजून तरी आमचं काही वाकडं केलेलं नाही. पाहायला मी न कळवता गेलो, हे एक शहाणपण केलं. कळवून गेलं की घोडा आधीच तासभर पळवून दमवलेला असू शकतो, मग तो शांत दिसणारच. ही चारा खात उभी होती. मोरखी म्हणजे तोंडाची दोरी घालण्यापासून खोगीर कसण्यापर्यंत सगळं माझ्यासमोर झालं. चारही खूर उचलू दिले. ताडपत्री फडफडवली, शेजारी बुलेट चालू केली. एक कान तिकडे, एक माझ्याकडे, बस.

पाण्याचं विचारायचं राहिलं. जुलैत बागेतला नाला वाहायला लागला, घोट्याएवढं पाणी, आणि घोडी काठावर चार पाय रोवून उभी. टाच मारून पाहिली, चुचकारलं, गूळ दाखवला. पाऊण तास गेला. शेवटी सालदाराने बैल पुढे घातला तशी ही त्याच्या शेपटीला नाक लावून निमूट पलीकडे. महिनाभर आम्ही बैल घेऊनच नाला ओलांडत होतो. आता एकटी जाते, पण आधी पाणी हुंगते, मग पुढच्या पायाने दोनदा उडवते. पँट माझी भिजते.

त्याआधी जूनमध्ये वेगळाच धडा मिळाला. पावसामुळे दहा दिवस खोगीर चढलं नाही, भिजवलेला हरभरा मात्र रोजच्याइतकाच चालू होता. अकराव्या दिवशी मी चिखलात आणि घोडी गोठ्यापाशी. चूक तिची नव्हती. काम नसेल त्या दिवशी चंदी, म्हणजे हा दाणा, कमी करायची असते. आधीच्या मालकाकडे तिच्यावर रोज दोन तास पोरं बसायची. गरीबपणातला अर्धा भाग त्या दोन तासांचा होता, आणि तो काही तिच्यासोबत आमच्याकडे आला नाही.

नागपूरचा मे तर विचारू नका. पारा ४५ ला टेकलेला, हौदातलं पाणी तापलेलं, ती तोंड लावेना आणि वर कोरडा कडबा. एका संध्याकाळी जमीन उकरायला लागली, वळून वळून पोटाकडे पाहायची, बसायची, उठायची. पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलं की जिवावर बेततं. आमच्याकडचे डॉक्टर गाई-म्हशींचे. घोड्याचा हात असलेला माणूस शहरातून यायला अडीच तास लागले. त्यांनी नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन सोडलं. रात्री दोनला लीद पडली. लीद पाहून इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. आता हौद सावलीत आहे, दिवसातून तीनदा पाणी बदलतो, कडबा ओला करून देतो.

नालबंदाचंही तसंच. गावातला बैलांना नाल ठोकतो, पण ती दोन तुकड्यांची. घोड्याचं काम त्याला जमत नाही. वरातीच्या घोडेवाल्यांकडून एक जण मिळाला, सहा-सात आठवड्यांनी येतो. येतो म्हणजे चार फोन केल्यावर येतो.

बाकी चाल सुखाची आहे. लेक नऊ वर्षांची, आता स्वतः खरारा करते, रिकिबीत पाय ठेवायला ओटा लागतो तेवढंच.

पोळ्याला तोरणाखाली बैलांच्या रांगेमागे हिलाही उभं केलं, लेकीच्या हट्टाने. ढोल वाजले, दोन बैल बिचकले. ही मागचा एक पाय सैल सोडून पेंगत होती. ते पाहून तिथेच एकाने तुळशीच्या लग्नानंतरची वरात मागितली, डीजेसकट. घोडी उभी राहीलही. मी नाही म्हणालो.