कर्जाची वही: १७ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली दोनशे पानी लाँगबुक, वर खाकी कव्हर आणि आत प्रत्येक कर्जाला एक स्वतंत्र पान. २०२४ च्या गुढीपाडव्याला गुढी उभारून झाल्यावर आम्ही दोघांनी बसून पहिलं पान लिहिलं. तेव्हापासून दर रविवारी रात्री मुलं झोपली की ती वही उघडतो. मधला दवाखान्याचा एक आठवडा सोडला तर खंड पडलेला नाही. त्या दिवशी सगळं मिळून २,७४,३५० रुपये देणं होतं, आज ७६ हजारांच्या आसपास आहे. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, एकच पक्का पगार आहे आणि हप्ते चालू आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते, नाहीतर आकडे कळणार नाहीत. नाशिकला राहतो, मिस्टर अंबडच्या एमआयडीसीत कामाला, हातात २६,५०० येतात. मी घरी ब्लाऊज, फॉल-पिको करते, त्याचे महिन्याला साधारण पाच हजार. घरभाडं साडेसात हजार. मुलगी तेव्हा पाच वर्षांची आणि मुलगा आठ महिन्यांचा. मुलगा दिवस भरायच्या आधी झाला, नऊ दिवस काचेत होता. त्या नऊ दिवसांत दवाखान्याच्या काउंटरवरून जो कागद समोर आला त्यावर सही केली, जे कार्ड हातात होतं ते पुढे केलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. लेकरू घरी आलं. पण त्यानंतरचे आठ महिने आम्ही दोघंही एकमेकांपासून आकडे लपवत होतो, आणि ते मात्र चुकलं.

वहीत पहिल्या दिवशी सहा पानं झाली. क्रेडिट कार्ड ६२,०००. पर्सनल लोन दीड लाखाचं, १६ टक्क्यांनी, तीन वर्षांचं, ५,२७४ चा हप्ता. आठ हप्ते गेले होते, तरी १,२२,००० बाकी. पतसंस्थेचं ३१,०००, हप्ता २,६००. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे २,१५० चे सात हप्ते. मोठ्या नणंदेकडून हातउसने घेतलेले ४०,०००. आणि किराणा दुकानाची उधारी ४,३००. ही उधारी मी मिस्टरांना सांगितलीच नव्हती. त्यांनीही पतसंस्थेचे दोन हप्ते थकले होते ते मला सांगितलं नव्हतं. ते पान लिहिताना दोघंही बराच वेळ गप्प होतो.

आता वहीने नेमकं काय केलं ते. सगळ्यात मोठा फरक क्रेडिट कार्डाच्या पानावर पडला. आम्ही दर महिन्याला ‘किमान रक्कम’ म्हणून ३,१०० भरत होतो आणि समाधानात होतो की हप्ता वेळेवर जातो आहे. वहीसाठी म्हणून पहिल्यांदाच स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ६२ हजारांवर २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ते ३९१. म्हणजे ३,१०० मधले २,५६१ रुपये नुसते व्याज-करात जात होते आणि मुद्दल कमी होत होतं फक्त ५३९ रुपयांनी. वर बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर दूध-भाजी घेतली तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत बाकी ठेवणाऱ्याला मिळत नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे कार्डाची बाकी असेल तर आज रात्रीच हा हिशोब मांडा.

उपाय सासूबाईंनी काढला. त्यांच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या त्यांनी मला लग्नात घातल्या होत्या. त्या म्हणाल्या, “कपाटात ठेवून काय करायचंय, बँकेत ठेव आणि ते कार्ड मिटव.” मला ते फार जड गेलं. सोनं मोडणं वेगळं आणि तारण ठेवणं वेगळं हे डोक्याला पटत होतं, हाताला पटत नव्हतं. राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण केलं, साडेनऊ टक्के दर. त्याच ६२ हजारांचं व्याज महिन्याला २,५६१ ऐवजी ४९० वर आलं. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, “ताई, वजनाप्रमाणे जास्त बसतात, वाढवून देऊ का?” मिस्टरांनी लगेच सांगितलं, “नको साहेब, ६२ च द्या.” त्याच दिवशी कार्ड पूर्ण भरलं, बंद करण्याचा अर्ज दिला, बाकी शून्य असल्याचं पत्र घेतलं आणि घरी येऊन कार्ड कात्रीने कापलं. कार्ड चालू ठेवून सोनेतारण करणार असाल तर करू नका. आमच्याच चाळीत एका घरी आज कार्डावरही पुन्हा बाकी आहे आणि सोनंही बँकेत आहे.

दुसरी गोष्ट जी मनापासून सांगावीशी वाटते ती चौकोनांची. तारणाच्या पानावर मिस्टरांनी पट्टीने ६२ चौकोन आखले, एक चौकोन म्हणजे एक हजार. पैसे भरून आलो की पावती चिकटवायची आणि मुलीने खडूने तेवढे चौकोन रंगवायचे. तिला कर्ज म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण ‘आजीच्या पाटल्या सोडवायच्या’ हे कळत होतं. दिवाळीच्या बोनसचे १८ हजार आले, त्यातले सहा हजार सणाला ठेवले आणि १२ हजार भरले. त्या रात्री तिने सलग बारा चौकोन केशरी रंगवले, रेषेबाहेर जाऊ नये म्हणून जीभ दाताखाली धरून. फटाके कमी का आणले हे तिने त्या वर्षी विचारलं नाही.

कोणतं कर्ज आधी फेडायचं यावर खूप सल्ले मिळतात. कोणी म्हणतं सगळ्यात लहान आधी मिटवा, कोणी म्हणतं जास्त व्याजाचं आधी. आम्ही किराणा उधारी आधी मिटवली, कारण त्या दुकानासमोरून मुलीला शाळेत सोडायला रोज जावं लागायचं आणि मी रस्ता बदलून जात होते. ४,३०० दोन महिन्यांत संपले आणि माझी मान वर झाली. त्यानंतर मात्र व्याजाच्या हिशोबानेच चाललो. एक नियम पाळला: जो हप्ता संपेल त्याची रक्कम घरखर्चात मिसळायची नाही, पुढच्या पानावर वळवायची. फ्रिजचा २,१५० चा हप्ता संपला तो तसाच तारणाला जोडला. हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला सगळ्यात अवघड. हप्ता संपला की घरातली प्रत्येक गरज तोंड वर काढते.

घरखर्चासाठी पाकिटं केली: दूध-भाजी, किराणा, शाळा, दवाखाना, पेट्रोल. पैसे पगाराच्या दिवशीच वेगळे. मोबाइलमधली खर्चाची अॅप आम्ही दोन वापरून पाहिली, तिसऱ्या आठवड्यात नोंदी बंद पडल्या. खरी गळती स्कॅन करून पैसे देण्यात होती. दहा, वीस, चाळीस रुपये, दिसतच नाहीत. म्हणून यूपीआय एका वेगळ्या खात्याला जोडलं आणि त्यात सोमवारी १,५०० टाकायचे ठरवलं. शनिवारी त्यात ८० रुपये उरले असतील तर शनिवार ८० रुपयांचा.

लहान मूल असलेल्या घरात काय वाचतं तेही सांगते. डायपर दिवसाला पाच लागत होते, महिन्याला अठराशे रुपये. दिवसा जुन्या सुती साडीचे लंगोट आणि रात्री एक डायपर असं केलं, खर्च साडेतीनशेवर आला. धुणं वाढलं, ते मिस्टरांनी वाटून घेतलं. डब्यातल्या तयार अन्नाऐवजी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून घरीच सत्त्व केलं. लसीचे आधीचे डोस खासगीत दिले होते आणि हजारोंत बिल झालं होतं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि पुढचे बूस्टर महापालिकेच्या दवाखान्यात मोफत दिले. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस), रोटाव्हायरस, न्यूमोनियाची पीसीव्ही हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे. रांगेत बसावं लागतं, दोन तास जातात, पण हजारोंचं बिल वाचतं. औषधोपचारात मात्र आम्ही काटकसर केली नाही आणि कोणी करूही नये.

काय जमलं नाही तेही लिहिते. पहिल्या महिन्यात आम्ही दोघांनी हातखर्च शून्य धरला. दहा दिवसांत चहाच्या वीस रुपयांवरून कडाक्याचं भांडण झालं, मुलगी रडायला लागली. दुसऱ्या महिन्यापासून दोघांना पाचशे-पाचशे, त्याचा हिशोब विचारायचा नाही. वही टिकली ती त्या पाचशेमुळे असं मला वाटतं. दुसरी चूक म्हणजे दवाखान्याचं पाकीट फार लहान ठेवलं होतं. २०२५ च्या जानेवारीत मुलाची छाती भरली, तीन रात्री अॅडमिट, ११,२०० झाले. पाकिटात सहा हजार होते. त्या महिन्याचे तारणाला जाणारे ५,२५० तिकडे वळवले आणि कसंबसं भागलं. पहिल्यांदाच कोणाकडे हात पसरावा लागला नाही. तरी आता सुरुवात केली असती तर आधी दवाखान्याच्या पाकिटात दहा हजार साठवले असते आणि मग जादा फेडायला लागले असते.

एप्रिल २०२५ मध्ये तारणाचं वर्ष भरलं तेव्हा साडेसतरा हजार राहिले होते, व्याज भरून नूतनीकरण करावं लागलं. मुदतीची तारीख पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, बँकेच्या एसएमएसवर विसंबू नका.

वसुलीच्या फोनबद्दल एक. आमचे दोन हप्ते थकले होते त्या काळात रात्री साडेनऊला फोन यायचे, तेही मिस्टर सेकंड शिफ्टला असताना माझ्या नंबरवर. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार बँका आणि फायनान्स कंपन्यांना वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. हे कळल्यावर मी शांतपणे फोनवर सांगितलं, वेळ लिहून ठेवली आणि लेखी तक्रार दिली. फोन थांबले. घाबरून नवीन कर्ज काढून जुनं भरू नका, आमच्या ओळखीत दोन घरं मोबाइल अॅपच्या कर्जात अशीच अडकली.

मधे मिस्टरांना जुनी स्कूटर घ्यायची होती, ६० हजारांची. एजंट म्हणाला, “फक्त दहा टक्के, दोन वर्षं, तीन हजार हप्ता.” वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. तीन हजार गुणिले चोवीस म्हणजे ७२ हजार. दहा टक्के पूर्ण साठ हजारांवर दोन्ही वर्षं लावलेले, मुद्दल फिटत जातं त्याचा हिशोबच नाही. घटत्या बाकीवर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. स्कूटर घेतली नाही. मिस्टर आजही कंपनीच्या बसने जातात.

मला सगळ्यात जास्त खंत आहे ती नणंदेच्या पानाची. व्याज नाही म्हणून ते पान शेवटी ठेवलं. हिशोबाने बरोबर होतं. पण वर्षभर त्या पानावर एक रुपयाही गेला नाही आणि आम्ही ताईंना तसं सांगितलंही नाही. राखीला त्या आल्या, काही बोलल्या नाहीत, मीच नजर चुकवत होते. शेवटी मिस्टरांनी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “ताई, हे बघ, जून २०२५ पासून तुझे सुरू होतील.” ताईंनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाल्या, “हे आधी दाखवलं असतंस तर मी दोन वेळा तुझ्याबद्दल वाईट बोलले नसते.” नातेवाइकाचे पैसे असतील तर पहिल्याच महिन्यात वही त्यांना दाखवा, आणि महिन्याला पाचशे का होईना त्या पानावर जाऊ द्या. मी पुन्हा केलं तर असंच करीन.

पर्सनल लोन लवकर बंद करण्याचा विचार केला होता. ते ठरावीक दराचं आहे आणि करारात मुदतीआधी फेडण्याचं शुल्क लिहिलेलं आहे, म्हणून ते त्याच्या चालीने जाऊ देतो आहोत. अकरा हप्ते राहिले. घरकर्ज बदलत्या दराचं असेल तर वैयक्तिक कर्जदाराला असं शुल्क लावता येत नाही, तिथे जादा पैसे जरूर भरावेत.

ही वही सगळ्यांना जशीच्या तशी लागू पडेल असं नाही. माझा भाऊ रिक्षा चालवतो, त्याला महिन्याचा आकडा ठरवता येत नाही. तो रोजच्या कमाईतला पाचवा भाग डब्यात टाकतो आणि आठवड्याला मोजतो. पगार ज्यांचा हप्त्यांनाच पुरत नाही त्यांनी वही करण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. आणि नवरा-बायकोतला एकच जण लिहीत असेल तर वही चालत नाही. आमच्याकडे एक आठवडा मी लिहिते, एक आठवडा ते.

२०२५ च्या जूनमध्ये शेवटचे ४,४०० भरून पाटल्या सोडवल्या. बँकेच्या पिशवीवरचं सील तोडलं, वजन करून घेतलं, सही केली. घरी आल्यावर सासूबाईंनी त्या माझ्या हातात घातल्या. मुलीने वही आणून शेवटचे चौकोन रंगवले आणि लगेच पान उलटून विचारलं, “आता आत्याचे?” आत्याच्या पानावर ४० चौकोन आहेत, १७ रंगले आहेत, जांभळ्या खडूने. पुढचे सात पगाराच्या दुसऱ्या दिवशी.