बेळगावच्या वडगावातली सरांची गणित शिकवणी : फरशी, सुतळी आणि १४ चं १० कसं झालं

बऱ्याच जणी विचारायल्यात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. सरांचं नाव आणि गल्ली लिहीत नाही, कारण सरांनीच हात जोडून सांगितलंय की ताई आता आणखी पोरं पाठवू नका, बसवू कुठं. वडगावातल्यांना एवढ्यावरनं कळेलच, शेजारी माग चालू असतो आणि वरच्या खोलीत शिकवणी चालते ती.

आमची धाकटी यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातली दहावी, मराठी मीडियम. जूनमध्ये आधी एका मोठ्या क्लासला घातलेलं, एसी हॉल, प्रोजेक्टर, शंभरभर पोरं, वर्षाची फी एकदम. तिथं निर्देशक भूमिती दोन दिवसांत उडवली. अंतराचं सूत्र, मध्यबिंदूचं सूत्र, विभाजन सूत्र (दोन बिंदूंमधली रेघ दिलेल्या गुणोत्तरात तोडणारा बिंदू काढायचं) एका कागदावर छापून दिलं आणि पाठ करा म्हणाले. हिनं केलं पण पाठ, भांडी घासताना सुद्धा म्हणायची, आरती म्हटल्यासारखी. आणि चाचणीत ए (१, २) आणि बी (७, १०) मधलं अंतर काढलं १४. म्हणजे ७ वजा १ सहा, १० वजा २ आठ, इथपर्यंत बरोबर, ३६ अधिक ६४ पण लिहिलं, आणि मग वर्गमूळ घेताना ६ अधिक ८ करून मोकळी. लाल काट मारलेली, बाजूला काही लिहिलेलं नाही. मी विचारायला गेले तर काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं, डाऊट बॅच शनिवारी असते. शनिवारी गेलो तर बॅच कॅन्सल.

मग जावेनं या सरांचं सुचवलं. पहिल्या दिवशी मी पण बसले मागं, पोरगीला एकटीला सोडवेना. सरांनी तो पेपर बघितला आणि म्हणाले, "१४ कुठलं आणलीस गे, जरा चालून दाखव की." खोलीत जुन्या एक फुटी फरश्या आहेत. त्यांनी खडूनं एक आडवी रेघ मारली, एक उभी मारली, जिथं कापतात तिथं शून्य. हिला (१, २) वर उभं केलं. आता आडवी ६ फरश्या जा, मग उभी ८ जा. गेली. किती झाल्या? चौदा. "मग बरोबर आहे की तुझं, तू रस्त्यानं गेलीस. पेपरात सुतळीचं विचारलंय." दोन पोरांना सुतळीची दोन टोकं धरून तिरकी ताणायला लावली आणि टेपनं मोजली तर बरोबर १० फूट. सगळी पोरं बघत राहिली. एक पोरगा म्हणाला, सर पण रिक्षावाला १४ चंच भाडं घेणार नव्हं, त्यावर सर पण हसले.

खरं सांगते, मला पण तेव्हाच कळलं. माझे वडील गवंडी होते, पाया आखताना एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करायचे आणि तिरकं ५ भरतंय का बघायचे, भरलं की कोपरा काटकोनात. हेच ते पायथागोरसचं, आणि अंतराचं सूत्र म्हणजे दुसरं काही नाही, हे मला दहावी होऊन वीस वर्षांनी समजलं. ६-८-१० म्हणजे त्याचीच दुप्पट. सरांना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं म्हणे, "हिचे आजोबा ही भूमिती रोज करायचे", पोरगी घरी आली ती फुगूनच.

मध्यबिंदू तर याहून भारी शिकवलाय. तीच सुतळी मधोमध दुमडून धरली, ती पडली (४, ६) वर. इकडं ५ फूट, तिकडं ५ फूट. पण पोरांची चूक ठरलेली असते, वजाबाकी करून निम्मं करतात, म्हणजे (३, ४) काढतात. इथं सरांना कळलं की आमच्या घरी माग आहे, तर म्हणाले बाबांकडनं डिझाईनचा कागद आण. जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचं, डिझाईन चौकटीच्या कागदावरच काढतात, उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी म्हणजे बाणा, प्रत्येक चौकट म्हणजे दोन्ही कुठं भेटले ते. निर्देशक म्हणजे तेच की, किती आडवं आणि किती उभं. आमच्या ह्यांना तर कुणी शाळेत शिकवलं नाही पण रोज तेच बघतात.

सरांनी विचारलं, पट्टा १२ व्या धाग्यावर सुरू होतो आणि ८४ वर संपतो, मधोमध बुट्टा पाहिजे, कुठल्या धाग्यावर? अर्ध्या वर्गानं ३६ सांगितलं. हिनं घरी येऊन बाबांना विचारलं, ते मागापाशीच उभे होते, हात न थांबवता म्हणाले, "अठ्ठेचाळीस. छत्तीसवर बुट्टा मारलास तर साडी कोण घेणार?" ३६ म्हणजे कडेपासून किती आत जायचं ते, जागा नव्हे. १२ मध्ये ३६ मिळवलं तरी ४८, नाहीतर सरळ १२ आणि ८४ ची बेरीज करून निम्मं केलं तरी ४८. सूत्रात बेरीज का आहे हे आता ती झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगते.

उणे आकड्यांचं पण तसंच. (-३, २) आणि (५, -४) हे गणित दिलं की पोरं ५ वजा ३ करून २ काढतात. सर फरशीवर उभं करतात, शून्यापर्यंत ३, शून्यापलीकडं ५, झाल्या ८. दुसरीकडं २ वरनं खाली -४ पर्यंत ६. परत अंतर १०. मध्यबिंदू (१, -१). वहीत उणे आकडा कंसात लिहायचा ही सरांची सक्ती, कंस विसरला की ते गणित परत.

वर्गात कन्नड मीडियमची पण सात-आठ पोरं आहेत, तर सर सगळं दोनदा सांगतात. मला आधी वाटलं वेळ जातो, जातोच, पण एक गंमत झाली, मध्यबिंदूला कन्नडमध्ये पण मध्यबिंदूच म्हणतात, तेव्हा तो शब्द एकदाच सांगून चालतो म्हणून पोरं टाळ्या वाजवतात.

आता तक्रारी. खोली लहान आहे, पावसाळ्यात जिन्यात छत्र्या आणि चपलांचा ढीग, बेळगावचा पाऊस माहीत आहेच. दुपारच्या बॅचला मागाचा आवाज येतो, आमच्या पोरीला सवय आहे, सगळ्यांना नसते. नोट्स सरांच्या हस्ताक्षरातल्या, झेरॉक्सची झेरॉक्स, २ आहे का ७ आहे कळत नाही आणि भूमितीत तर त्यानं वाटोळंच होतं. फोन उचलत नाहीत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हळू. मध्यबिंदूत इतके रमले की विभाजन सूत्र शेवटी घाईत उरकलं, एवढंच सांगितलं की १:१ गुणोत्तर घातलं की मध्यबिंदूच येतो. ते कळलं, पण २:३ आलं की पोरगी अजून गुणोत्तरातल्या दोन आकड्यांत m कुठला n कुठला यात अडकते. बोर्डात विभाजन सूत्र पण विचारतातच, ८० मार्कांचा पेपर आहे, वीस इंटर्नलचे सोडले तर. आता वर्षात एकाहून जास्त परीक्षा देता येतात ते खरं, पण पहिल्याच परीक्षेत निघालं तर बरं की.

मोबाईलवर जिओजेब्रा टाकायला सांगितलं होतं, फुकट आहे, दोन बिंदू टाकले की मध्यबिंदू आणि अंतर दोन्ही दाखवतं. सरांची अट, आधी वहीत काढायचं आणि मग तिथं पडताळायचं. आमची उलटं करते, ते आमचं आम्ही बघू.

फी महिन्याला ६०० रुपये, महिन्याच्या महिन्याला, पुढचं आगाऊ मागत नाहीत. मागच्या चाचणीत या धड्यात एकच गणित चुकलं, तेही विभाजनाचंच. पाचपैकी चार स्टार, एक त्या झेरॉक्सचा कापला.

जागा कदाचित दिवाळीनंतर होईल म्हणालेत. जाणार असाल तर पोरांबरोबर चटई द्या, फरशी थंडीत बर्फासारखी असते, आणि घरात टेप असेल तर तो पण द्या, सरांकडं एकच आहे आणि त्याचे पहिले दोन इंच तुटलेत.