‘सर्व कर समाविष्ट’ लिहिलेले बूट आणि कस्टमची 22,835 रुपयांची मागणी

परदेशी दुकानाने ऑर्डरच्या वेळीच आयात शुल्क वसूल केले, म्हणजे पार्सल दारात आल्यावर आणखी काही द्यावे लागणार नाही, असा भरवसा आपल्यापैकी अनेक जण ठेवतात. माझ्या बाबतीत त्या दुकानाने शुल्काच्या नावाखाली पैसे घेतले, त्यातला एक रुपयाही सरकारकडे भरला नाही, आणि संपूर्ण शुल्क मला सोलापुरात पुन्हा भरावे लागले. दर पावसाळ्यात येथून रात्रीची गाडी धरून हरिश्चंद्रगड-कळसूबाईकडे निघणाऱ्या मंडळींपैकी काही जण आता बूट, तंबू, रकसॅक थेट युरोपातून मागवू लागले आहेत. त्यांनी कार्डाचा क्रमांक टाकण्यापूर्वी हे वाचावे, यासाठी सविस्तर लिहीत आहे.

2023 च्या उन्हाळ्यात मला आणि माझ्या भाच्याला ट्रेकिंगचे बूट घ्यायचे होते. भाच्याच्या पायाला 12 नंबर लागतो. घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि ओल्या कातळावर पकड धरणारे बूट त्या मापात आम्हाला सोलापूरच्या नवी पेठेत मिळाले नाहीत आणि पुण्यातही मिळाले नाहीत, म्हणून युरोपातील एका ऑनलाइन दुकानातून दोन जोड्या मागवायचे ठरले. संकेतस्थळावर रक्कम रुपयांत दिसत होती: बूट 32,400, वाहतूक व विमा 3,600, आणि तिसऱ्या ओळीत ‘आयात शुल्क व कर’ 6,480. पार्सल देताना ग्राहकाकडून कोणतीही जादा रक्कम मागितली जाणार नाही, असे वाक्यही खाली होते. तरीही मी ईमेल करून विचारले आणि ‘सर्व काही किमतीत आले आहे’ असे लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरले. 6,480 ही रक्कम 36,000 च्या बरोबर 18 टक्के होती, आणि त्या किमतीच्या पादत्राणांवर आपल्याकडे जीएसटीही 18 टक्केच असल्यामुळे आकड्यात संशय घेण्यासारखे काही दिसले नाही.

पार्सल मुंबईत उतरल्यावर कुरिअर कंपनीचा संदेश आला की ओळखीची कागदपत्रे द्यावीत आणि 22,835 रुपये शुल्क भरावे. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे’ असे खोटे संदेश पाठवून लुबाडणाऱ्यांचा सुळसुळाट असल्याने मी त्या संदेशातील दुवा उघडला नाही. पार्सलचा क्रमांक कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहिला आणि मग येथील शाखेत जाऊन विचारले. सीमाशुल्क विभाग कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर पैसे मागत नाही, आणि विभागाच्या अधिकृत पत्रावर एक डीआयएन (दस्तऐवज ओळख) क्रमांक असतो, जो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, एवढे सर्वांनी लक्षात ठेवावे. अशा खोट्या संदेशाला बळी पडून पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा. दुर्दैवाने माझ्याकडे आलेली मागणी मात्र खरी होती.

ती खरी कशी, हे मला शाखेतून मिळवलेल्या बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे आयात मालाचे मूल्य व शुल्क नोंदवणाऱ्या कस्टमच्या कागदाच्या, प्रतीवरून कळले. आयात शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांची बेरीज म्हणजे शुल्कासाठीचे मूल्य, जे माझ्या बाबतीत 36,000 होते. पादत्राणांवर 2020 पासून मूळ सीमाशुल्क 35 टक्के होते, म्हणजे 12,600 रुपये. त्या शुल्काच्या रकमेवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी 1,260. मग मूल्य, शुल्क आणि अधिभार यांच्या 49,860 या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), म्हणजे 8,975. कर असा करावर चढत जातो, आणि म्हणून 35 व 18 या दोन दरांची साधी बेरीज 53 येत असली तरी प्रत्यक्ष भार 63.43 टक्के होतो. दुकानाने आमच्याकडून घेतलेले 18 टक्के कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. आयजीएसटीसाठीसुद्धा ती रक्कम अपुरी होती.

यानंतर दर बदलले आहेत, पण या बदलाच्या बातमीने कोणी निश्चिंत होऊ नये. 2025 च्या अर्थसंकल्पात पादत्राणांवरील मूळ शुल्क 35 वरून 20 टक्क्यांवर आणले गेले, त्याच वेळी 18.5 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावून समाजकल्याण अधिभार माफ केला गेला. पूर्वीचे 35 आणि अधिभाराचे 3.5 मिळून 38.5, आताचे 20 आणि 18.5 मिळूनही 38.5, म्हणजे भार तेवढाच. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा 2,500 रुपयांपर्यंतची पादत्राणे 5 टक्क्यांत गेली, परंतु चांगले ट्रेकिंगचे बूट त्या किमतीत परदेशातून येत नाहीत. शिवाय तंबू, रकसॅक, जाकीट यांचे शुल्क-शीर्षक, म्हणजे ज्यावरून शुल्काचा दर ठरतो तो मालाच्या प्रकाराचा क्रमांक, प्रत्येकाचे वेगळे असते, आणि कुरिअर कंपनी कधी कधी माल 9804 या वैयक्तिक आयातीच्या शीर्षकाखाली दाखवते, ज्याचा दर निराळा असतो. म्हणून आपला माल कोणत्या शीर्षकाखाली दाखवला आहे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

फसवणूक नेमकी कोठे झाली, ते एअरवे बिलाने, म्हणजे पार्सलसोबतच्या हवाई वाहतुकीच्या कागदाने, उघड केले. शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे असेल तर त्यावर डीडीपी असे नमूद असते, आणि मग कुरिअर कंपनी शुल्काचे बिल दुकानाला पाठवते. आमच्या पार्सलवर डीएपी, म्हणजे शुल्क माल घेणाऱ्याने भरायचे, असे लिहिले होते आणि शुल्क भरणारा म्हणून माझे नाव होते. म्हणजे दुकानाने आमच्याकडून 6,480 रुपये शुल्क म्हणून घेतले, आणि पार्सल निघतानाच कुरिअर कंपनीला मात्र ‘शुल्क ग्राहकाकडून घ्या’ असे सांगितले. नजरचुकीने झालेली ही गोष्ट नव्हे, असे माझे ठाम मत आहे, कारण चूक असती तर माझ्या तक्रारीच्या पहिल्या ईमेलनंतर तरी ती दुरुस्त झाली असती.

त्याऐवजी उत्तर आले की ती रक्कम ‘अंदाजे’ होती आणि पसंत नसल्यास पार्सल परत पाठवावे. परत पाठवण्याचा खर्च आमचाच. भरलेले शुल्क परत मिळण्याची तरतूद सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 74 मध्ये आहे, ज्यानुसार न वापरलेला माल ठरावीक मुदतीत पुन्हा निर्यात केल्यास 98 टक्के शुल्क मिळू शकते, पण त्यासाठी निर्यातीची रीतसर कागदपत्रे आणि मालाची ओळख पटवणे आवश्यक असल्याने एखाद्या घरगुती ग्राहकाला सोलापुरात बसून ते जवळपास अशक्यच आहे. सर्वांत संतापजनक वाक्य दुकानाच्या त्या उत्तराच्या शेवटी होते: पुढच्या वेळी ते पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवतील. भारतात डिसेंबर 2019 पासून पोस्टाने किंवा कुरिअरने भेटवस्तू म्हणून पूर्ण शुल्क न भरता माल सोडवून घेण्यास मनाई आहे; अपवाद जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. किंमत खोटी दाखवली, तर अधिकारी ती नाकारून मूल्य स्वतः ठरवू शकतात, माल जप्त होऊ शकतो आणि दंडाची नोटीस येते ती आयात करणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या नावावर. असा सल्ला देणाऱ्या दुकानाकडून पुन्हा काही घेऊ नये.

पार्सल गोदामात जितके दिवस पडून राहते तितका साठवणुकीचा आकार चढतो, त्यामुळे मी शुल्क भरून बूट सोडवून घेतले. त्याच्यासोबत कुरिअर कंपनीने आगाऊ शुल्क भरल्याबद्दलचा तिचा वेगळा आकार आणि त्यावर जीएसटी हेही द्यावे लागले. नंतर ऑर्डरच्या पानाचे छायाचित्र, दुकानाचे लेखी उत्तर, एअरवे बिल आणि बिल ऑफ एंट्री अशी चार कागदपत्रे जोडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवला. बँकेने दुकानाकडून 6,480 रुपये परत मिळवून दिले. उरलेले 16,355 रुपये आणि कुरिअरचा आकार आमच्याच खिशातून गेला, कारण कायद्याने ते शुल्क देय होतेच. दुकानाने ते आधी खरे सांगितले असते, तर एवढ्या किमतीला आम्ही ते बूट मागवलेच नसते.

म्हणून माझी विनंती आहे की ‘कर समाविष्ट’ या ओळीवर न थांबता, माल निघण्यापूर्वी दुकानाकडून एअरवे बिलाची प्रत मागवावी आणि त्यावर शुल्क भरणारा कोण आहे ते पाहावे. प्रत देण्यास दुकान टाळाटाळ करत असेल, तर ऑर्डर त्याच क्षणी रद्द करावी, कारण पार्सल मुंबईत उतरल्यानंतर आपल्या हातात फारसे काही उरत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 हे भारतातील ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू आहेत, आणि सर्व अनिवार्य आकारांसह एकूण किंमत दाखवणे त्यांत बंधनकारक आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करता येतो, म्हणजे आपल्याला सोलापूरच्या बाहेर जावे लागत नाही, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी त्याला शुल्कही नाही. ज्यांच्याकडे दुकानाचे असे लेखी आश्वासन आणि भरलेल्या शुल्काची पावती दोन्ही आहेत, त्यांनी कागद जपून ठेवावेत आणि व्यवहारापासून दोन वर्षे उलटण्याच्या आत तक्रार दाखल करावी.