टीव्ही घेताना आधी काळा रंग बघा: साधा एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी की ओएलईडी?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही शोरूममध्ये जा, भिंतीवरचे सगळे टीव्ही सुंदरच दिसतात. पडद्यावर फुलं, मासे, रंगीत पक्षी. डोक्यावर दिव्यांचा लखलखाट. आणि प्रत्येक टीव्हीचा ब्राइटनेस शेवटच्या टोकाला नेलेला. अशा उजेडात स्वस्त आणि महाग टीव्हीतला खरा फरक डोळ्याला लागतच नाही. मग माणूस इंच मोजतो, 'फोर के' लिहिलंय ना ते बघतो आणि बिल करतो. फरक कळतो तो घरी, रात्री जेवणं झाल्यावर दिवे मालवून सिनेमा लावला की.

३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. जुना ३२ इंची काढून ४३ किंवा ५५ चा लावावा, असा विचार त्यामुळे बऱ्याच घरांत सुरू आहे. तुम्हीही त्यातलेच असाल तर माझं मत आधीच सांगतो: साइज एक पायरी कमी झाली तरी चालेल, पण पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, चांगलं घ्या.

नावं चार, जाती दोन

बाजारात एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी आणि ओएलईडी अशी चार नावं ऐकू येतात. यातले पहिले तिन्ही मुळात एलसीडीच. मागे पांढऱ्या किंवा निळ्या दिव्यांचा उजेड आणि पुढे द्रव स्फटिकांचा थर. हा थर झडपेसारखा उघडतो-मिटतो आणि हवा तेवढा उजेड पुढे सोडतो. क्यूएलईडीत मागचे दिवे निळे असतात आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा पातळ थर असतो, त्यामुळे लाल आणि हिरवा जास्त शुद्ध मिळतो. याच क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. मिनी एलईडीत मागचे दिवे अगदी बारीक आणि संख्येने हजारोंच्या घरात. त्यांचे गट पाडून प्रत्येक गट वेगळा मंद किंवा प्रखर करता येतो.

ओएलईडी ही वेगळी जात. तिथे मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तिथे सरळ विझतो. सोनीने २००७ मध्ये ११ इंचांचा पहिला ओएलईडी टीव्ही विक्रीला आणला. आज तेच तंत्र ५५, ६५, ७७ इंचांत मिळतं.

'क्यू' आणि 'ओ' या दोन अक्षरांवरून दुकानात बराच गोंधळ होतो. क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीचा भाऊ नव्हे, तो सुधारलेल्या रंगांचा एलसीडी आहे, एवढं डोक्यात पक्कं असू द्या.

काळा किती काळा

चित्राचा दर्जा ठरवणाऱ्या गोष्टींत मी पहिला नंबर कॉन्ट्रास्टला देतो. पडद्यावरचा सगळ्यात उजळ भाग सगळ्यात काळ्या भागाच्या किती पट उजळ आहे, ते हे प्रमाण. एलसीडीची झडप पूर्ण मिटत नाही, थोडा उजेड झिरपतोच. आयपीएस जातीच्या पॅनलमध्ये हे प्रमाण साधारण १००० ला १ असतं, व्हीए जातीच्या पॅनलमध्ये ३००० ते ६००० ला १. ओएलईडीत काळा पिक्सेल विझलेलाच असतो, त्यामुळे तिथे मोजायला खालची बाजूच उरत नाही.

आकडे बाजूला ठेवा आणि एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ, जुना वाडा, हातात कंदील घेतलेली बाई जिन्यावरून उतरते आहे. साध्या आयपीएस एलईडीवर जिन्यामागची भिंत राखाडी दिसेल, वरखालचे काळे पट्टे काळे न राहता पांढुरके होतील आणि पडद्याच्या कोपऱ्यांत उजेडाचे डाग उमटतील. व्हीए पॅनलवर भिंत बरीच काळोखी होईल. मिनी एलईडीवर काळोख छान उतरेल, फक्त कंदिलाभोवती किंवा खालच्या पांढऱ्या सबटायटल्सभोवती फिकट वलय दिसू शकेल, कारण त्या गटाचे दिवे पेटले की शेजारचा काळा भागही थोडा उजळतो. गट जितके जास्त, तितकं वलय लहान. ओएलईडीवर कंदील उजळ, त्याला लागून असलेला काळोख पूर्ण काळा आणि साडीच्या काठावरची जर तेवढी चमकते. हा फरक सांगून पटत नाही, एकदा अंधारात बघावाच लागतो.

स्वस्त टीव्हीत दिवे एक तर फक्त कडेला असतात किंवा मागे मोजकेच असतात आणि सगळे एकदम कमीजास्त होतात. खोक्यावर 'लोकल डिमिंग' (गटागटाने दिवे मंद करण्याची सोय) लिहिलं असेल तर गट किती, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते फारसं कामाचं नाही असं समजा.

कोण कुठे बसतं

याचा विचार फार कमी लोक करतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या घरांतून टीव्हीची खोली लांबट असते. दोघं दिवाणावर समोर, मुलं खाली चटईवर, आजी कडेच्या खुर्चीत आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून तिरकी बघणारी. व्हीए पॅनल समोरून उत्तम, पण कडेने बघितलं की रंग फिके पडतात, चेहरे धुतल्यासारखे होतात. आयपीएसचा काळा कच्चा असला तरी कडेने रंग बऱ्यापैकी टिकतात. ओएलईडी दोन्हीकडून चांगला. तुमच्या घरी पाच-सहा माणसं खोलीभर पसरून बघत असतील आणि बजेट साधंच असेल, तर आयपीएस घेतलात म्हणून काही बिघडत नाही. दोघंच समोर बसून बघणार असाल तर व्हीए.

अडचण एवढीच, की खोक्यावर आयपीएस की व्हीए हे सहसा छापलेलं नसतं आणि एकाच मॉडेलच्या ४३ व ५५ इंचांत वेगळी पॅनलंही असतात. त्यामुळे दुकानात टीव्ही सुरू असताना चार पावलं बाजूला सरका आणि तिरकं बघा, अर्ध्या मिनिटात कळतं.

फुल एचडी की फोर के

एचडी रेडी म्हणजे १३६६ × ७६८, साडेदहा लाख पिक्सेल. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, जवळपास २१ लाख. फोर के म्हणजे ३८४० × २१६०, जवळपास ८३ लाख. कागदावर चौपट, डोळ्याला चौपट नाही. निरोगी डोळ्याला किती बारीक दिसतं त्याच्या हिशेबाने ४३ इंची पडद्यापासून साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडे बसलात, तर फुल एचडी आणि फोर केमधला बारकावा वेगळा काढता येत नाही. ५५ इंचांत ही सीमा सव्वासात फुटांच्या आसपास आणि ६५ मध्ये साडेआठ फूट. आपल्याकडे दिवाण आणि टीव्ही यांत सहज आठ-दहा फूट अंतर असतं.

म्हणून फोर के घेऊ नका असं नाही. आज ४३ च्या वर चांगलं पॅनल, चांगले रंग हवे असतील तर ते फोर केमध्येच मिळतात. पण 'के' हा निर्णयाचा मुद्दा नव्हे. एट केच्या नादाला तर लागूच नका.

त्याहून मोठा प्रश्न, पडद्यावर येतं काय? केबलची साधी वाहिनी ७२० × ५७६ ची. ती ८३ लाख पिक्सेलवर ताणायची तर बहुतेक चित्र टीव्हीला स्वतःच भरून काढावं लागतं. स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर हे काम ओबडधोबड करतो. म्हणून बऱ्याच घरांत नव्या ५५ इंचीवर मालिका जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसते. एचडी पॅक घेतलात तर १०८० ओळींचं चित्र येतं आणि लगेच फरक पडतो. ओटीटीवर फोर के हवं असेल तर नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग सांगतं. शिवाय फोर केचा प्लॅन वेगळा घ्यावा लागतो.

फुटबॉल बघणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात टीव्हीचा आढावा लिहायचा आणि फुटबॉलचं नाव नाही, असं चालणार नाही. ज्या गावात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरतं आणि विश्वचषकाला पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तिथे चेंडू हवेत गेल्यावर पडद्यावर त्याची शेपटी निघत असेल तर तो टीव्ही काय कामाचा?

शेपटी निघण्याची कारणं दोन. पहिलं, पिक्सेल एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला वेळ घेतो. गडद छटांमध्ये व्हीए पॅनल इथे मागे पडतं. ओएलईडीचा पिक्सेल जवळजवळ तत्क्षणी बदलतो. दुसरं, रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा (हर्ट्झमध्ये). ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद थांबतं, १२० वर आठच्या आसपास. आपल्या वाहिन्या सेकंदाला ५० च पाठवतात, त्यामुळे १२० हर्ट्झचा टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून भरतो. मॅचला ही सोय बरी वाटते. सिनेमाला मात्र ती बंद करा. २४ चित्रांचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून कॅमेरा सावकाश फिरताना चित्र किंचित अडखळतं. १२० ला २४ ने पाच वेळा बरोबर भाग जातो, आणि १२० हर्ट्झचं पॅनल घेण्याचं माझ्या मते हेच सगळ्यात चांगलं कारण. खोक्यावर 'मोशन रेट' किंवा तसलं काही छापलं असेल तर तो पॅनलचा खरा आकडा नसतो. 'पॅनल किती हर्ट्झचं?' एवढंच विचारा.

तालमीची कुस्ती किंवा स्थानिक सामना यूट्यूबवर लाइव्ह बघत असाल, तर कुठलाही टीव्ही चमत्कार करणार नाही. मोबाइलच्या नेटवरून आलेल्या चित्रात जे नाही, ते पडदा कुठून आणणार?

रंग आणि एचडीआर

रंगांची परीक्षा आपल्याला परदेशी फुलांवर नीट घेता येत नाही, आखाड्याच्या मातीवर घेता येते. कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या मातीचा रंग नेमका माहीत असतो. 'व्हिव्हिड' मोडवर ती माती नारिंगी होते आणि पैलवानाचं अंग विटकरी. मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट आणि मंद वाटेल, आठवड्याने जुना मोड डोळ्याला टोचेल. क्यूएलईडीचा फायदा इथे खरा आहे, गडद लाल आणि हिरवा त्यात भरून येतो, पण मोड ताळ्यावर आणला तरच.

एचडीआर (उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवणारी चित्रपद्धत), त्याबद्दल थोडक्यात: स्वस्त टीव्ही एचडीआरचं चित्र फक्त स्वीकारतो, दाखवत नाही. ही चित्रं १००० निट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त उजेड धरून बनवलेली असतात आणि साध्या पॅनलचा उजेड ३०० च्या आसपासच असतो.

मग घ्यायचा कुठला

हॉलला मोठी खिडकी, समोर गॅलरी, दिवसभर दार उघडं आणि टीव्ही दिवसाच जास्त चालतो: मिनी एलईडी. उजेडाला उजेडानेच उत्तर देता येतं आणि त्यात तो सगळ्यांच्या पुढे आहे. बजेट तिथवर जात नसेल तर क्यूएलईडी, पण व्हीए की आयपीएस ते बसण्याच्या जागेवरून ठरवा.

रात्री दिवे मालवून सिनेमे आणि वेबसिरीज बघणारं घर, पैसे खर्च करायची तयारी: ओएलईडी, दुसरा विचारच नको. ५५ इंचांत साध्या फोर के एलईडीच्या दुपटीहून जास्त पैसे जातात, पण चित्रासाठी दिलेला प्रत्येक रुपया पडद्यावर दिसतो.

एक घर मात्र ओएलईडीपासून लांब राहिलेलं बरं: जिथे सकाळपासून मराठी बातम्यांची वाहिनी चालू असते. खाली सरकती पट्टी, वर लाल 'ब्रेकिंग', कोपऱ्यात लोगो, सगळं तासन् तास एकाच जागी. ओएलईडीचे पिक्सेल वापराने झिजतात आणि एकाच जागी सतत उजळलेले जास्त झिजतात. वर्षांनी लोगोचा ठसा पडद्यावर राहू शकतो. चित्र किंचित हलवणं, लोगो मंद करणं असे उपाय आता टीव्हीतच असतात, पण रोज दहा तास बातम्या असतील तर मी ती जोखीम घेणार नाही. तिथे मिनी एलईडी.

आणि बेडरूमला किंवा आजी-आजोबांच्या खोलीत ३२ इंची हवा असेल, तर फुल एचडी मिळाला तर बघा, नाहीतर एचडी रेडीही पुरतो.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर दोन गोष्टी न्या: पूर्ण काळं चित्र, ज्याच्या मधोमध एकच पांढरा ठिपका आहे, आणि घरी शूट केलेला एखादा रात्रीचा व्हिडिओ. मोड 'सिनेमा' करायला सांगा, जमलं तर वरचे दिवे क्षणभर बंद करायला सांगा, आणि काळ्याकडे बघा. डिस्प्लेला लावलेला पीस सवलतीत देऊ केला तर एलसीडीच्या बाबतीत विचार करा. ओएलईडीचा मात्र घेऊ नका, तो दिवसाचे दहा-बारा तास पूर्ण ब्राइटनेसवर तीच ती डेमो क्लिप चालवून झिजलेला असतो.